नाटकाचा शेवटचा प्रयोग: काय करावं, काय टाळावं?

तिसरी_घंटा

दोन अंकी नाटक, सहा पात्रं, एकच दिवाणखान्याचा सेट. पुढच्या रविवारी दुपारी साडेचारला शेवटचा प्रयोग आहे आणि त्याच रंगमंचावर रात्री साडेआठला दुसऱ्या संस्थेचं नाटक लागलंय.

शेवटच्या प्रयोगात आनंद आणि हुरहूर एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की कुठली कधी वर येईल याचा नेम नसतो. टाळी पडली की बरं वाटतं, आणि त्याच क्षणी कळतं की या वाक्यावरची ही शेवटची टाळी. ही भावना कुणी टाळू नये असंच मला वाटतं, पण तिच्यापायी प्रयोग बिघडू नये. म्हणून जाणकारांना तीन प्रश्न:

१. 'शेवटचा प्रयोग' अशी जाहिरात करावी का?
२. नटांनी स्वतःला कसं सावरावं?
३. पडदा पडल्यावरचा वेळ कसा बसवावा? सत्कार, फोटो, सामान काढणं, सगळं एकाच वेळी अंगावर येतं.

---

पिटातला_प्रेक्षक

जाहिरात जरूर करा. प्रेक्षकाचाही निरोप असतो. पुन्हा पाहू म्हणून राहून गेलेले सगळे त्या दिवशी येतात.

---

बुकिंग_खिडकी

करा, पण एकदाच करा आणि खरी करा. 'शेवटचे २५ प्रयोग' म्हणायचं, मग 'खास लोकाग्रहास्तव आणखी १०', मग परत 'अखेरचे ५'. अशाने पुढच्या नाटकाच्या जाहिरातीवरही लोक विश्वास ठेवत नाहीत. मुदत वाढवायची असेल तर पहिल्या घोषणेनंतर लगेच, एकदाच वाढवावी. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'चं तसंच झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद होणार असं २०२२ च्या सप्टेंबरात जाहीर केलं, तिकिटं धडाधड गेली, मग एकदा मुदत वाढवली आणि १६ एप्रिल २०२३ ला पडदा पडला तो पडलाच. १९८८ पासून १३,९८१ प्रयोग झाले होते.

दुसरं म्हणजे, शेवटच्या प्रयोगाला पासांची मागणी फार येते. लेखक, आधीच्या संचातले नट, त्यांचे घरचे, तालमीला जागा देणारे. आसनांचा प्लॅन तिकीट खिडकीवर जाण्याआधीच मधल्या दोन रांगा बाजूला काढून ठेवा. पहिली रांग ओळखीच्यांना देऊ नका, कारण पुढच्याच उत्तरात कुणीतरी सांगेल.

---

विंगेतला

मीच सांगतो. पहिल्या रांगेत ओळखीचे डोळे पुसत बसले की नटाची नजर तिथे अडकते. फूटलाइटच्या पलीकडे पहिल्या दोन-तीन रांगा स्वच्छ दिसतात, त्यामागे अंधार. ओळखीच्यांना सहाव्या-सातव्या रांगेच्या मागे बसवा.

आता प्रश्न दोन. गळा दाटला की नेमकं काय होतं ते समजून घेतलं तर उपाय सापडतो. श्वास पोटातून वर छातीत येतो, पट्टी चढते आणि शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात. 'मी जाते' चं 'मी जा' होतं आणि मागच्या रांगेला काहीच कळत नाही. अशा वेळी जोरात श्वास घेऊ नका, आधी पूर्ण सोडा. नाक-तोंडातून सगळी हवा बाहेर काढली की पुढचा श्वास आपोआप खाली पोटात जातो. ओठ मिटून एक आवंढा गिळा. समोरच्या नटाच्या डोळ्यांत बघवत नसेल तर त्याच्या कपाळाच्या मध्यावर बघा, प्रेक्षागृहातून फरक कळत नाही. आणि काहीतरी हाताने करा: पेला उचला, खुर्ची सरकवा. संहितेत जी हालचाल आधीपासून आहे तीच, नवीन शोधू नका.

रडणं पात्राचं असेल तर ते नेहमीच्या प्रयोगात जिथे येतं तिथेच यावं. नटाचं रडणं मेकअप रूममध्ये.

---

कोथरूडची_मैना

विंगेतला दादा, सहमत, पण एवढं कोरडंही नको हो. एखादा आवंढा खरा आला तर प्रेक्षकालाही तो हवा असतो. त्यासाठीच तर तो आलेला असतो.

---

विंगेतला

ताई, एखादा आला तर येऊ द्यावा. अडचण अशी की सहाजणांना सहा आवंढे येतात आणि प्रत्येकजण आपल्या वाक्याआधी थोडा थांबतो. दोन-दोन सेकंदांचा पॉज शंभर ठिकाणी वाढला की तीन मिनिटं गेली, त्यात टाळ्या आणि हशे लांबतात, मग अंक दहा मिनिटांनी लांबतो. विनोदी प्रसंग तर लय गेली की मरतोच.

शेवटच्या प्रयोगाचा प्रेक्षक वेगळा असतो हेही ध्यानात घ्या. निम्म्यांनी नाटक आधी पाहिलेलं असतं. ते पंचच्या, म्हणजे हशा आणणाऱ्या शब्दाच्या, आधीच हसतात, कारण पुढे काय येणार हे त्यांना माहीत असतं. त्या हशाला थांबलात तर नवीन प्रेक्षकाला पंच ऐकूच येत नाही. तिथे न थांबता वाक्य पुरं करायचं. टाळीचा नियम मात्र नेहमीचाच: टाळी चढू द्या, उतरायला लागली आणि निम्मी झाली की पुढचं वाक्य उचला. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं की प्रसंग थंड पडतो.

---

सोडावॉटर

शेवटच्या प्रयोगाला स्टेजवर गंमत करतात त्याबद्दल काय? चहात मीठ, चिठ्ठीत भलताच मजकूर, तसबिरीत दुसराच फोटो. संचातला जिव्हाळा असतो तो. मला तर तो परंपरेचा भाग वाटतो.

---

कपडेपट

जिव्हाळा जेवणाच्या पंगतीत दाखवा. मिठाचा चहा पिऊन ठसका लागलेला नट पुढची चार वाक्यं घालवतो, आणि तिकीट काढून पहिल्यांदाच आलेल्या माणसाला त्याचं कारणही कळत नाही. शिवाय आयत्या वेळी घातलेली वाक्यं ही नुसती चेष्टा राहत नाहीत. जाहीर प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर झालेली असते. जे मंजूर झालं तेच बोलायचं असतं, शेवटचा प्रयोग असला तरी.

---

सोडावॉटर

मंडळाचा मुद्दा डोक्यात नव्हता. चहाचं मागे घेतो. चिठ्ठीत मात्र प्रेक्षकाला न दिसणारी एक ओळ, 'तुझ्याबरोबर काम करताना मजा आली' एवढीच, चालेल ना?

---

कपडेपट

ती चिठ्ठी पहिल्या अंकात उघडायची असेल तर नको. दुसऱ्या अंकात शेवटाकडे असेल तर जरूर. पण नटाला ती मोठ्याने वाचायची असेल तर मूळ मजकूर वर आणि तुमची ओळ तळाला.

---

कुडाळचो_झील

अवांतर, पण विषयाला धरून. दशावतारात 'शेवटचा प्रयोग' दरवर्षी येतो. जत्रांचा हंगाम पावसाआधी संपतो आणि मंडळी आपापल्या शेतीला लागतात. गणपतीचा पेटारा ठेवणीत जातो. आमच्याकडे त्यात दुःख कमी, कारण पावसाळा सरला की पुन्हा पहिला नारळ आहेच. आणि एकेक रात्रीचा शेवटही ठरलेला: नाटक रात्रभर चालतं आणि पहाटे दहीकाला होऊन संपतं. हंडी फुटली की कुणाला सांगावं लागत नाही की आता उठा. शहरातल्या नाटकाला असा ठरलेला शेवटचा विधी नाही, म्हणून ते अवघडल्यासारखं भाषण होतं, असं मला वाटतं.

---

झाडीची_रात

कुडाळचे भाऊ, पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतही तसंच. दिवाळीनंतर मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, सुरू होतं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावात रात्रभराचं नाटक, वडसा म्हणजे देसाईगंजच्या कंपन्या रोज नव्या गावाला. त्यामुळे हंगामातला शेवटचा प्रयोग कुठल्या गावाला पडेल हे सुपारीवर, म्हणजे प्रयोगाच्या बुकिंगवर, अवलंबून असतं. त्या गावाला ते माहीतही नसतं. नट आणि वादक यांना मात्र माहीत असतं, आणि त्या रात्री गाणी जरा लांबतात.

---

भैरवी_सकाळची

ठरलेला शेवट संगीत नाटकात होता की! नांदीने सुरुवात आणि भरतवाक्याने शेवट. मैफलीत भैरवी लागली की लोक चपला शोधायला लागतात, तसं भरतवाक्य सुरू झालं की प्रेक्षक सावरून बसतो. शेवटच्या प्रयोगाला संगीत नाटकवाल्यांनी एकच पथ्य पाळावं: वन्समोअर. एरवी दोन द्याल, त्या दिवशी चार मागितले जातात. दुसऱ्या अंकात आवाज राहायला हवा. कुठल्या पदाला द्यायचा आणि कुठल्याला हात जोडून पुढे जायचं हे ऑर्गनवाला आणि तबलजी यांच्याशी आधीच ठरवा. नाहीतर नट पुढे आणि साथ मागे.

---

जुना_पडदा

'शेवटचा' हा शब्द जपून वापरा एवढंच सांगतो. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्यमंदिरात आलं. १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच, प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने (पीडीए), ते थांबवलं. त्या एकोणिसाव्या प्रयोगाला बसलेल्यांनी हे नाटक संपलं असंच धरलं असणार. पुढे थिएटर अकॅडमी ही नवी संस्था उभी राहिली, १९७४ मध्ये नाटक पुन्हा सुरू झालं आणि परदेशातही गेलं. 'चारचौघी' १९९१ चं, ते २०२२ मध्ये नव्या संचात आलं. म्हणून नाटक बंद करताना ते पुन्हा उभं करता येईल असं बंद करावं. कागद जपा.

---

लाइटवाला_ठाणे

जुना_पडदा काकांना +१०१. कागद जपा म्हणजे नेमकं काय, ते लिहितो. कारण हे काम शेवटच्या प्रयोगाआधी आठ दिवसांत झालं नाही तर कधीच होत नाही.

प्रयोगाची प्रत: छापील संहिता चालत नाही. ज्या प्रतीत समासात हालचाली, एंट्री-एक्झिट, क्यू (लाइट-संगीत कधी द्यायचं त्या खुणा) लिहिलेत ती. तालमीत बदललेली वाक्यं शाईने पक्की करा. पानं क्रमाने स्कॅन करा, कोरी मागची बाजूही, कारण तिथेच रंगमंचाची रेखाटनं असतात.

लाइट: क्यूशीट लिहिताना 'चॅनेल १२ सत्तर टक्के' असं लिहू नका. दुसऱ्या नाट्यगृहात बारा नंबरला भलताच दिवा असतो. 'सोफ्यावर डावीकडून, अंबर, सत्तर टक्के, पाच सेकंदांत' असं लिहा. दिवे टांगायच्या कुठल्या बारवर कुठला दिवा आणि त्यापुढे कुठलं जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद), त्याचं एक चित्र. जिलेटीनचा नंबर लिहा, नुसतं 'निळा' नको.

संगीत: ऑपरेटरच्या लॅपटॉपमधलं फोल्डर दोन ठिकाणी उतरवून घ्या. फाइलच्या नावात क्यू नंबर आणि पहिले दोन शब्द. आवाज कुठे चढतो आणि कुठे काढायचा ते ऑपरेटरच्या हातात असतं, फाइलमध्ये नसतं. ते त्याच्याकडून लिहून घ्या.

सेट: मोजमापांचा आराखडा आणि उभ्या सेटचे फोटो, समोरून एक आणि मागून चार. मागून जास्त, कारण जोड तिथे दिसतात.

आणि चित्रीकरण शेवटच्या प्रयोगाचं करू नका. त्याच्या आधीच्या एक-दोन प्रयोगांचं करा. शेवटच्याला लय ढिली असते, टाळ्या लांब, माणसं उभी राहून मोबाइल धरतात. करायचंच झालं तर दोन कॅमेरे: एक पूर्ण रंगमंचावर स्थिर, दुसरा जवळचा. आवाज मिक्सरमधून घ्या आणि प्रेक्षागृहात एक माइक वेगळा ठेवा, म्हणजे हशा खरा येतो. लेखक, दिग्दर्शक, संगीतकार आणि नट यांची लेखी परवानगी आधी.

---

कोथरूडची_मैना

लाइटवाले दादा, तरीही शेवटचाच प्रयोग हवा असतो सगळ्यांना. त्याची आठवण म्हणून.

---

लाइटवाला_ठाणे

आठवणीसाठी शेवटचा, अभ्यासासाठी त्याआधीचा. दोन्ही करा, पण दुसऱ्याला विसरू नका.

---

नेपथ्य_आठबायचार

आता प्रश्न तीन. धागाकर्त्यांनी वेळ दिलाय म्हणून हिशोबच मांडतो. साडेचारची तिसरी घंटा शेवटच्या प्रयोगाला चार चाळीसला वाजते असं धरा. पहिला अंक ६० मिनिटं, मध्यंतर १५, दुसरा अंक ५५. सहा पन्नास. अंक लांबले तर सात. सत्कार-भाषणं १५ मिनिटं म्हटली तरी २५ होतात. सेट उतरवायला सव्वा सात-साडेसातला हात लागला तर आठ वाजतात. पुढच्या संस्थेला साडेआठच्या घंटेला सेट लावून, लाइट फिरवून उभं राहायचंय. त्यांचा प्रयोग तुमच्या हुरहुरीत बुडेल.

उपाय सोपा आहे. फोटो आधी काढा. पावणेचारला सगळे नट कपडे-मेकअपसह सेटवर. मेकअप ताजा असतो, डोळे सुजलेले नसतात, दारं उघडलेली नसतात. त्या फोटोत पडदा ओढणारा, लाइट-संगीतवाले, इस्त्री करणारे, रंगभूषाकार सगळे घ्या. प्रयोगानंतर हीच माणसं कामात असतात म्हणून नेमकी फोटोतून सुटतात.

सत्कार स्टेजवर नकोच. नमस्कार झाल्यावर निर्मात्याने दोन मिनिटं बोलावं, बॅकस्टेजच्या सगळ्यांना नाव घेऊन पुढे बोलवावं, पडदा. बाकीचं फॉयरमध्ये (प्रेक्षागृहाबाहेरच्या दालनात) किंवा तालमीच्या जागेवर.

आणि पडदा पडल्यावर नातेवाइकांना सेटवर चढू देऊ नका. हे कळकळीने सांगतोय. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींचे तुकडे, उभे दिसतात तेव्हा ते ब्रेसवर (मागच्या तिरक्या टेकूवर) आणि एकमेकांच्या कोपऱ्यावर उभे असतात. काढणाऱ्याने एका बाजूची वजनं उचलली की आठ फुटी फ्लॅट नुसता टेकलेला राहतो. कुणीतरी फोटोसाठी दाराच्या चौकटीला रेलतं आणि तो येतो अंगावर.

---

तिसरी_घंटा

फारच मोलाचं. सेट उतरवायचा क्रम सांगाल का? संचातले नटही हातभार लावायचा म्हणताहेत.

---

नेपथ्य_आठबायचार

हातभार चांगलाच, पण कोणी काय करायचं ते आधी ठरवा. नटांनी फक्त हाताची प्रॉपर्टी गोळा करावी: पेले, चष्मा, वर्तमानपत्र, फोन. यादी हातात, वस्तू पेटीत, टिक. भाड्याच्या वस्तूंची पेटी वेगळी, कारण शेवटच्या प्रयोगाला 'आठवण म्हणून' उचललेली वस्तू बऱ्याचदा भाड्याची निघते.

मग काचेचं आणि तसबिरी. मग सेटवरचे दिवे, पण आधी प्लग काढून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. बल्ब गरम असताना हलवला तर तार तुटते, हात भाजतो ते वेगळंच. मग पडदे, सोफा, टेबल. रंगमंच मोकळा झाला की फ्लॅट, मधल्यापासून सुरुवात आणि कोपरे शेवटी. एका फ्लॅटला दोन माणसं. एकाने पकडायचं, मग दुसऱ्याने बिजागरीची पिन काढायची, मग ब्रेस, मग वजन. हा क्रम उलटा झाला की अपघात. लेव्हल, म्हणजे उंच चौथरे, सगळ्यात शेवटी. निघालेला खिळा खिशात किंवा डब्यात, जमिनीवर नाही. रात्रीच्या नाटकात कुणी अनवाणी नाचणारं असेल.

सेट पुढे कुठे जाणार हेही आजच ठरवा. बसच्या टपावर चढवल्यावर 'कुठे उतरवायचा?' असा प्रश्न पडला की तो गोदामाच्या अंगणात पावसात पडून राहतो. चांगलं प्लाय पुढच्या नाटकाला, दारं-खिडक्या एकांकिका करणाऱ्या कॉलेजांना. त्यांना दाराची चौकट मिळाली तर सोनं मिळाल्यासारखं होतं.

---

कपडेपट

कपडे त्याच रात्री पेटीत कोंबू नका. घामाचे कपडे बंद पेटीत दोन दिवस राहिले की काखेत पिवळे डाग पडतात, जरीकाठ काळे पडतात. उलटे करून वाळवा, मग धुवा, मग नावाची चिठ्ठी टाचून ठेवा. एखादा सदरा नटाला द्यायचा असेल तर निर्मात्याने स्वतः द्यावा. मागून घ्यायची वेळ आणू नये.

---

न्यूजर्सी_नाका

इकडच्या दौऱ्यातला शेवट आणखी वेगळा. नेपथ्य छापील कापडाचं, २३ किलोच्या बॅगांत बसवलेलं. सोफा-टेबल प्रत्येक गावच्या मंडळाने कुणाच्या तरी घरून आणलेलं. म्हणजे शेवटच्या प्रयोगानंतर आधी फर्निचर परत करायचं, कारण पहाटेचं विमान असतं. कापड घडी करू नका, गुंडाळा. घडीची रेघ पुढच्या वेळी दिव्यात भिंतीवर भेग दिसावी तशी दिसते.

---

पिटातला_प्रेक्षक

एक विचारू? सेट उतरताना बघायला थांबलं तर चालतं का? मला त्यात काहीतरी वेगळंच दिसतं. भिंत आडवी झाली की मागे 'डावी ३' असं खडूने लिहिलेलं असतं.

---

विंगेतला

प्रेक्षागृहात पाचव्या रांगेत बसून, नाट्यगृहाच्या माणसाला विचारून. जरूर थांबा. बघण्यासारखं असतं ते.

---

तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: जाहिरात एकदाच, फोटो पावणेचारला, भाषण दोन मिनिटं, चित्रीकरण शनिवारच्या प्रयोगाचंही, आणि चिठ्ठीतली ओळ दुसऱ्या अंकात. एकच राहिलं. सोफ्याच्या पायांच्या खुणांना स्टेजवर जी पांढरी टेप लावलीय ती निघताना गोंद जमिनीवर राहतो. नाट्यगृहवाले अनामत कापतात का?

---

नेपथ्य_आठबायचार

कापू शकतात. टेप झटक्यात ओढू नका. कोपरा नखाने उचला आणि जमिनीला लागून, आडवी, हळू सोलत न्या, गोंद टेपबरोबर येतो. राहिलाच तर खोबरेल तेलाचा बोळा दोन मिनिटं दाबून ठेवा आणि पुसा. मग कोरड्या फडक्याने परत एकदा, नाहीतर रात्रीच्या नाटकातलं कुणीतरी घसरेल. टेप लावणाऱ्यानेच काढावी, त्याला आठही खुणा माहीत असतात.

---

कपडेपट

आणि तेल शोधत फिरू नका. मेकअप उतरवायला रंगभूषाकाराच्या टेबलावर बाटली असतेच. नटांचं झालं की तीच स्टेजवर घेऊन या.